‘रूट’चं टपाल कोण वाचतं?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या त्या टॉवेलच्या कारखान्यात ‘इन्फो’ या पत्त्यावर आलेला मेल शोधायचा तर ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर पालथे घालावे लागायचे. मेलबॉक्स एक, पासवर्ड एक, आणि तो सगळ्यांना तोंडपाठ. प्रत्येक मशीनवर मेलचा प्रोग्रॅम पॉप थ्रीवर लावलेला. पॉप थ्रीचा हिशेब असा की जो आधी ओढेल त्याच्याकडे मेल उतरतो, आणि ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ या चौकटीतली खूण नसेल तर सर्व्हरवरून पुसलाही जातो. मग हुबळीच्या व्यापाऱ्याची चौकशी डिस्पॅचच्या कॉम्प्युटरवर पडून, भाव सांगायचा अकाउंट्सने, आणि व्यापाऱ्याचा फोन थेट मालकांना.

मालकांना सगळे अण्णाच म्हणतात. काम सांगताना त्यांनी फार लांबण लावली नाही. “इन्फोवर आलेला मेल मला दिसला पाहिजे, अक्काला पण दिसला पाहिजे. अन् पासवर्ड एकमेकाला सांगायचं बंद करा.” अक्का म्हणजे ऑफिस सांभाळणाऱ्या बाई. बिलं, जीएसटी, कामगारांची हजेरी, बँक, सगळं त्यांच्याकडे. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी, वार्पिंगवाल्याशी कन्नड, आणि घाईत असल्या की एकाच वाक्यात तिन्ही. आमच्या सोलापुरात याचं कुणाला नवल नाही. डिस्पॅचला एक वयस्कर काका, खरेदीला अण्णांचा मुलगा. मेल वाचणारी माणसं एवढीच.

कागदावर बघितलं तर हे अलायसचं, म्हणजे एका नावावर आलेला मेल ठरलेल्या माणसांकडे वळवायचं काम, पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमध्ये चार ओळींचं. ओळी खरंच थोड्याच लागल्या. वेळ गेला तो आधीच्या कुणीतरी लावून ठेवलेला गुंता सोडवण्यात, आणि कोणता मेल कुणी वाचायचा हे या चौघांकडून वदवून घेण्यात.

सर्व्हर ऑफिसच्या मागच्या खोलीत. टॉवेलच्या कारखान्यात हवेत कापसाचे तंतू तरंगतच असतात, ते पंख्यात जाऊ नयेत म्हणून कॅबिनेटच्या जाळीवर टॉवेलचाच एक विरळ तुकडा बांधलेला. आत डेबियन लिनक्स, मेल घ्यायला पोस्टफिक्स, मेलबॉक्स दाखवायला डव्हकॉट. प्रत्येकाचा मेल त्याच्या होम डिरेक्टरीतल्या मेलडिर नावाच्या फोल्डरमध्ये पडतो. इंटरनेटची लाइन स्टॅटिक आयपीची आणि डोमेनचा एमएक्स (या डोमेनचा मेल कुठे द्यायचा ते सांगणारी नोंद) त्याच आयपीकडे वळवलेला, म्हणजे बाहेरून येणारा मेल थेट याच डब्यात येतो. बाहेर जाणारा मात्र एका रिले सेवेमार्फत, म्हणजे मेल पुढे पोचवणाऱ्या बाहेरच्या कंपनीमार्फत जातो. ही शेवटची गोष्ट लक्षात असू द्या, पुढे ती आडवी येते.

अलायसची फाइल पोस्टफिक्सपेक्षा जुनी आहे. ती सेंडमेल या जुन्या मेल प्रोग्रॅमची. एरिक ऑलमन यांनी बर्कलीत सेंडमेल लिहिलं ते १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. वीत्से व्हेनेमा यांचं पोस्टफिक्स आयबीएमच्या संशोधन केंद्रातून १९९८ साली बाहेर आलं, आणि लोकांना सेंडमेलवरून इकडे येताना त्रास नको म्हणून त्यांनी ही फाइल, तिची मांडणी आणि ‘न्यूअलायसेस’ ही कमांडसुद्धा तशीच ठेवली. त्यामुळे इंटरनेटवर सापडणारी अर्धी उत्तरं सेंडमेलची असतात आणि तरीही बरीचशी चालतात. उरलेल्या अर्ध्यांत जी चुकतात, ती बहुतेक एकाच कारणाने: मेल कोणत्या टप्प्यावर आहे आणि त्या टप्प्यावर कोणती फाइल वाचली जाते, हे लिहिणाऱ्याने बघितलेलं नसतं.

पोस्टफिक्स हा एकच मोठा प्रोग्रॅम नाही. बाहेरचा मेल एक प्रोसेस घेते, ‘क्लीनअप’ नावाची दुसरी त्याची साफसफाई करून रांगेत लावते, रांगेचा व्यवस्थापक ठरवतो की हा मेल इथलाच की बाहेरचा, आणि इथलाच असेल तर तो ‘लोकल’ नावाच्या प्रोसेसकडे जातो. व्हर्च्युअल अलायसची फाइल क्लीनअप वाचते, सुरुवातीलाच, आणि प्रत्येक मेलसाठी वाचते. ईटीसी डिरेक्टरीतली अलायसेसची फाइल मेल वाटताना फक्त लोकल वाचते, अगदी शेवटी. अक्कांना मी हे त्यांच्या रोजच्या भाषेत सांगितलं: गावातलं ट्रान्सपोर्ट ऑफिस पार्सलवरचा पूर्ण पत्ता बघतं आणि हवं तर तिथूनच गाडी दुसरीकडे वळवतं, आपल्या गेटवरचा वॉचमन फक्त नाव बघतो आणि कोणत्या शेडमध्ये द्यायचं ते सांगतो. ट्रान्सपोर्टने गाडीच वळवली तर वॉचमनच्या वहीत काय लिहिलंय त्याला काही अर्थ उरत नाही.

इथे नेमकं तेच झालं होतं.

मेलचा लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला तर प्रत्येक मेलमागे एक इशारा. मतलब असा की हे डोमेन ‘मायडेस्टिनेशन’ आणि ‘व्हर्च्युअल अलायस डोमेन्स’ अशा दोन्हींत लिहू नका. पोस्टकॉन्फ कमांडने दोन्ही सेटिंग्ज काढून बघितली. खरंच, कारखान्याचं डोमेन दोन्हीकडे. मायडेस्टिनेशनमध्ये डोमेन टाकलं म्हणजे तुम्ही सांगता की या डोमेनची माणसं या मशीनवरचे युजर आहेत, त्यांचा मेल लोकलकडे द्या. व्हर्च्युअल अलायस डोमेन म्हणजे इथे कुणीच राहत नाही, प्रत्येक पत्ता दुसऱ्या कुठल्यातरी पत्त्याचं टोपणनाव आहे. एका डोमेनबद्दल दोन्ही खरं असू शकत नाही.

इथले सगळे युजर याच मशीनवर असल्याने डोमेन मायडेस्टिनेशनमध्ये ठेवलं आणि दुसरीकडून काढलं. तेवढ्याने भागलं नाही. व्हर्च्युअल अलायसच्या फाइलीत इन्फोची एक जुनी ओळ होती, आणि ती ओळ इन्फोचे सगळे मेल एका अशा माणसाच्या खात्याकडे वळवत होती जो केव्हाच नोकरी सोडून पुण्याला गेलेला. त्याचंच खातं सगळ्या कॉम्प्युटरवर ‘इन्फो’ या नावाने लावलेलं. म्हणून पासवर्ड सगळ्यांना पाठ! डोमेन त्या यादीतून काढलं तरी ही फाइल ‘व्हर्च्युअल अलायस मॅप्स’मध्ये राहते तोवर क्लीनअप ती वाचतच राहतं, मग डोमेन कोणतंही असो. ती ओळ काढल्याशिवाय अलायसेसमध्ये इन्फोसमोर काहीही लिहा, लोकलपर्यंत ‘इन्फो’ हे नाव पोचणारच नव्हतं.

व्हर्च्युअलच्या त्याच फाइलीत आणखी एक ओळ होती, नावापुढे ठळक कोलन दिलेली. अलायसेसच्या फाइलीत कोलन लागतो: डावीकडे नाव, कोलन, उजवीकडे कुणाला द्यायचं ते, स्वल्पविरामांनी तोडून. व्हर्च्युअलच्या फाइलीत कोलन नसतो, नुसती मोकळी जागा. कोलन दिला तर तो नावाचाच भाग समजला जातो आणि ती ओळ कशालाच जुळत नाही. फाइलीचा डेटाबेस बनवणारा पोस्टमॅप चालवला की तो विचारतोसुद्धा, की बाबा, ही अलायसची फाइल तर नाही ना? पण विचारून गप्प बसतो आणि काम पूर्ण करतो, त्यामुळे कुणी लक्ष देत नाही. अलायसेससाठी पोस्टअलायस, व्हर्च्युअलसाठी पोस्टमॅप. नावं इतकी सारखी ठेवायला नको होती, असं माझं मत.

आता मुख्य फाइल, म्हणजे अलायसेसची. डेबियनवर ती जवळजवळ रिकामीच येते. पोस्टमास्टरचा मेल रूटला द्या, एवढी एकच ओळ. इथेही तेवढीच. रूट म्हणजे मशीनचं सर्वाधिकारी खातं. मग रूटचा मेल कुणाला? रूटसमोर काहीच नव्हतं. म्हणजे तो रूटच्याच होम डिरेक्टरीत जाणार. मी तिथल्या मेलडिरमध्ये गेलो. मेलडिरला तीन पोटफोल्डर असतात: टेम्प, न्यू आणि कर. नवा मेल न्यूमध्ये पडतो आणि कुणी मेलबॉक्स उघडला की तिथून करमध्ये सरकतो. इथे न्यूमधल्या फाइलींची यादी स्क्रीनवर धावतच राहिली, आणि कर साफ रिकामं. सर्व्हर बसवल्यापासून रूटचा मेलबॉक्स कुणी एकदाही उघडलेला नव्हता.

बहुतेक मेल ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनचे, रोजच्या रोज तेच. पण बॅकअपच्या स्क्रिप्टचे मेल वाचायला घेतले तर बरेच महिने एकच तक्रार चाललेली: डिस्कवर जागा शिल्लक नाही. बॅकअप रोज रात्री सुरू व्हायचा, अर्ध्यात पडायचा, आणि इमानाने रूटला कळवायचा. त्यातच स्मार्टडीचे मेल. हा प्रोग्रॅम डिस्कच्या तब्येतीवर लक्ष ठेवतो आणि डेबियनवर मुळातच रूटला मेल करतो. त्याचं म्हणणं होतं की मुख्य डिस्कवरचे काही सेक्टर वाचता येईनासे झालेत. म्हणजे डिस्क जाण्याच्या मार्गावर आणि बॅकअप नाही. अण्णांना सांगितलं तेव्हा ते आधी काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “मशीन ओरडायलंय अन् ऐकायला कोण नाही, असंच ना?”

असंच. त्यामुळे फाइलीतली पहिली ओळ इन्फोची झाली नाही, रूटची झाली. फाइलीत हे सगळं रोमन लिपीत असतं. इथे वाचायला सोपं म्हणून देवनागरीत देतो.

रूट: सिसअॅडमिन, अक्का
पोस्टमास्टर: रूट
अब्यूज: पोस्टमास्टर

सिसअॅडमिन हे मी माझ्यासाठी त्याच मशीनवर काढलेलं खातं. अक्कांना त्यात घातलं कारण मी रोज तिथे नसतो. क्रॉनच्या स्क्रिप्टही बदलल्या: सगळं ठीक असेल तर गप्प बसायचं, बिघडलं तरच बोलायचं. रोज येणारा ‘सगळं ठीक’ असा मेल आठवड्याभरात कुणी वाचत नाही.

पोस्टमास्टर आणि अब्यूज ऐच्छिक आहेत असं बऱ्याच जणांना वाटतं. मेल देण्याघेण्याच्या एसएमटीपी या पद्धतीच्या मानकात, म्हणजे आरएफसी ५३२१ मध्ये, मेल घेणाऱ्या प्रत्येक सर्व्हरने पोस्टमास्टर हा पत्ता चालू ठेवलाच पाहिजे असं आहे. इन्फो, सेल्स, सपोर्ट, अब्यूज, वेबमास्टर अशा नावांची यादी १९९७ च्या आरएफसी २१४२ मध्ये आहे. तुमच्या सर्व्हरवरून कुणाला स्पॅम गेलं तर तक्रार येणार ती अब्यूजवर, आणि तो पत्ता बंद असेल तर तक्रार करणारा पुढच्या वेळी तक्रार न करता सरळ तुमचा आयपी अडवून ठेवतो. अण्णांचा मुलगा हसत होता, “आपल्यात पोस्टमास्टर कोण ओ?” म्हटलं, मी आणि अक्का.

मग बसलो चौघांना घेऊन. हा भाग मी लवकर आटपेल असं धरलं होतं, पण यात चहाच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. ‘ऑर्डर’वर आलेला मेल डिस्पॅचला हवा की नको? काका म्हणाले हवा, माल कधी निघणार हे मलाच विचारतात. अक्का म्हणाल्या भाव फुटेल. भाव म्हणजे कोणत्या व्यापाऱ्याला काय दराने टेरी टॉवेल दिला ते. ते काकांना कळायला नको असं नव्हे, पण काकांच्या टेबलाशी ट्रान्सपोर्टची माणसं बसलेली असतात. शेवटी असं ठरलं की ऑर्डर अण्णा आणि अक्कांकडे, आणि अक्का त्यातलं गठ्ठ्यांचं नि तारखेचं तेवढं ‘डिस्पॅच’ला पाठवणार. खरेदी मुलाकडे, पण सुताच्या दराचे मेल अण्णांनाही. प्रत्येक नावासमोर दोन माणसं तरी असावीत हा माझा आग्रह, म्हणजे एकजण गड्ड्याच्या यात्रेत अडकला किंवा लग्नाला गावाला गेला तरी मेल पडून राहत नाही.

इन्फोची ओळ अशी झाली:

इन्फो: इन्फो, अक्का, अण्णा

डावीकडेही इन्फो आणि उजवीकडेही, हे बघून मुलाने विचारलं की हा गोल गोल फिरत नाही बसणार? नाही बसत. अलायस स्वतःचंच नाव देतो तेव्हा पोस्टफिक्स ते ओळखतं, आणि तिथे पुन्हा अलायस न शोधता थेट त्या नावाच्या मेलबॉक्समध्ये टाकतं. हे मुद्दाम केलं. लोकल प्रोसेस अलायस सगळ्यात आधी बघते. युजरची फॉरवर्डची फाइल, मेलबॉक्स वगैरे सगळं त्यानंतर. म्हणजे इन्फो नावाचा युजर मशीनवर असला तरी अलायस लिहिल्यावर त्याच्या मेलबॉक्सला काही मिळत नाही, जोवर तुम्ही त्याचं नाव उजवीकडे लिहीत नाही. आम्हाला इन्फोची एक कायमची प्रत जपून ठेवायची होती. इन्फोच्या नव्या खात्याचा पासवर्ड मी कुणालाच दिला नाही, आणि पुण्याला गेलेल्या माणसाचं खातं बंद करून सगळ्या मशीनवरून ते पॉप थ्रीचं प्रकरण काढून टाकलं. प्रत्येकाला आपापलं खातं, तेही आयमॅपवर, म्हणजे मेल सर्व्हरवरच राहतो.

हाच क्रम आणखी एका कारणाने ध्यानात ठेवावा. मेलबॉक्समध्ये मेल टाकायचं काम डव्हकॉटला द्यायचं असेल तर ते ‘मेलबॉक्स ट्रान्सपोर्ट’ या सेटिंगने द्या. मग अलायस आधी वाचले जातात. ‘लोकल ट्रान्सपोर्ट’ बदललं तर लोकल प्रोसेसच बाजूला पडते आणि तिच्याबरोबर अलायसची फाइलही. मेल नीट पोचत असतो, फक्त अलायस जणू नाहीतच.

फाइल लिहून झाली की न्यूअलायसेस चालवायचं. पोस्टफिक्स ती साधी फाइल वाचत नाही, तिच्यापासून तयार केलेला डेटाबेस वाचतं. सगळं ठीक असेल तर कमांड एक अक्षर बोलत नाही. पोस्टफिक्सला रीलोड करायची गरज नसते, डेटाबेस बदलला हे त्याचं त्याला कळतं. पण इथे एक गंमत होती: ‘अलायस मॅप्स’ या सेटिंगमध्ये दोन फायली, आणि ‘अलायस डेटाबेस’मध्ये एकच. पहिलं सेटिंग मेल वाटताना वापरलं जातं, दुसरं न्यूअलायसेसने काय तयार करायचं ते सांगतं. म्हणजे दुसऱ्या फाइलीत कितीही बदल करा, न्यूअलायसेस तिला हात लावणार नाही. लॉगमध्ये इशारा होताच, की डेटाबेस मूळ फाइलीपेक्षा जुना आहे. दुसरी फाइल पहिलीत मिसळली आणि सेटिंग एकाच फाइलीवर आणलं.

तपासायला मी आधी पोस्टअलायसला क्यू हा पर्याय देऊन एकेक नाव विचारतो. इन्फो विचारलं की उजवी बाजू जशीच्या तशी छापून येते. हे डेटाबेसपुरतं. खरी तपासणी लॉगमध्ये. मी बाहेरच्या एका खात्यावरून इन्फोला मेल टाकला आणि लॉगकडे बघत बसलो. एका मेलच्या तीन ओळी उमटल्या. अक्कांची ओळ साधारण अशी:

टू=<अक्का@आमचं-डोमेन>, ओरिग_टू=<इन्फो@आमचं-डोमेन>, रिले=लोकल, स्टेटस=सेंट

या ओळीत सगळी गोष्ट आहे. ‘ओरिग_टू’ म्हणजे पाठवणाऱ्याने कुणाला लिहिलं होतं, ‘टू’ म्हणजे शेवटी कुणाला मिळालं, आणि ‘रिले=लोकल’ म्हणजे काम लोकल प्रोसेसने केलं. मेल चुकीच्या जागी गेला असं कुणी म्हटलं की मी आधी ओरिग_टू शोधतो.

यानंतर कॅच-ऑल. आधीच्या व्यवस्थेत ‘लूझर रिले’ लावून ठेवलेलं होतं: न सापडलेल्या नावाचा मेल फेकून न देता इन्फोला द्या. हेतू चांगला, परिणाम असा की स्पॅमवाले अंदाजाने जी हजार नावं टाकून बघतात ती सगळी इन्फोत. आणि हे चालावं म्हणून ‘लोकल रेसिपियंट मॅप्स’ रिकामं केलेलं, म्हणजे सर्व्हर कुठल्याही नावाला दारातच नाही म्हणत नव्हता. दोन्ही मूळपदावर आणलं. आता मशीनवरचे युजर आणि अलायसमधली नावं सोडून बाकी सगळ्याला ५५० हा कोड मिळतो आणि मेल आतच येत नाही. पाठवणाऱ्याला ताबडतोब कळतं, ते जास्त बरं.

अण्णांना धाकधूक होती की एखादा खरा गिऱ्हाईक हुकेल. रास्त होती. म्हणून काही दिवस लॉगमधले नाकारलेले पत्ते रोज काढून अक्कांसमोर ठेवले. नव्वद टक्के कचरा, पण त्यात काही नावांवर अक्कांचं बोट थांबलं. ‘डिस्पॅच’ची स्पेलिंग एका अक्षराने चुकलेली, ती चुकलेली स्पेलिंग म्हणे खोक्यांवरच्या स्टिकरांवरच छापलेली आहे आणि स्टिकरांचा गठ्ठा अजून संपायचाय. निवृत्त झालेल्या एका मॅनेजरांचं नाव. बेळगावकडचे जुने व्यापारी अजून त्यांनाच लिहितात. दोन्ही नावं अलायसमध्ये गेली. पहिलं डिस्पॅचला, दुसरं अण्णांना. कॅपिटल-स्मॉलची चिंता नाही, लोकल प्रोसेस डावीकडचं नाव स्मॉल करूनच शोधते.

मग अण्णांचं जीमेल. “माझ्या फोनवर जीमेलच आहे, इन्फोचा मेल तिकडंच पाठवा की.” अलायसच्या उजवीकडे बाहेरचा पत्ता लिहिता येतो, त्यात काही अडचण नाही. अडचण पुढे आहे. अलायसमधून बाहेर जाताना पाकिटावरचा पाठवणारा तोच राहतो, म्हणजे मूळ व्यापारी. त्याच्या डोमेनच्या एसपीएफ नोंदीत, म्हणजे त्या डोमेनच्या नावाने मेल पाठवू शकणाऱ्या सर्व्हरांच्या यादीत, आमचा सर्व्हर नसतो, कारण का असावा? आणि आमची रिले सेवा तर आमच्या डोमेनशिवाय दुसऱ्या कुणाच्या नावाने मेल घेतच नाही. करून दाखवलं: मुलाच्या खासगी खात्यावरून इन्फोला मेल. तो अक्कांना पोचला, इन्फोत पोचला, आणि जीमेलकडे जाताना रिलेने नाकारला. नाकारल्याची चिठ्ठी गेली कुणाला? पाठवणाऱ्याला. म्हणजे व्यापाऱ्याला वाटणार आपला मेल पोचलाच नाही, आणि इकडे तो अक्कांनी वाचलेला.

यावर पोस्टफिक्सकडे एक जुनी तोड आहे. ज्या नावाचा अलायस आहे त्याच नावाला ‘ओनर-’ जोडून दुसरा अलायस काढायचा. तो असला की पाकिटावरचा पाठवणारा बदलून ओनरचा पत्ता होतो. आता रिले घेतं, एसपीएफ आमच्या डोमेनचं तपासलं जातं, आणि परत आलेली चिठ्ठी व्यापाऱ्याकडे न जाता ओनरकडे येते. मेलच्या आतला मजकूर आणि ‘फ्रॉम’ तसाच राहतो, त्यामुळे पाठवणाऱ्याची डीकेआयएमची, म्हणजे मेल वाटेत बदलला नाही हे दाखवणारी, सहीही शाबूत. ही तोड मी एक्सपोर्टच्या अलायसला लावली, कारण मुंबईचे एजंट जीमेलच वापरतात आणि त्यांना दुसरा इलाज नाही. अण्णांसाठी मात्र नाही. इन्फोवर स्पॅम येणारच, आणि तो सगळा आमच्या नावाचं पाकीट घालून जीमेलकडे ढकलला तर उद्या आमचेच खरे मेल तिथे स्पॅममध्ये पडतील. अण्णांच्या फोनवर आयमॅपचं खातं लावून दिलं. जीमेलच्याच अॅपमध्ये लावलं, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने मेल जीमेलमध्येच आले.

ऑर्डरचा मेल आला की आपोआप प्रिंटरवर छापून यावा, ही त्यांची पुढची इच्छा. अलायसच्या उजवीकडे उभी रेघ देऊन प्रोग्रॅमला मेल पाजता येतो हे खरं. पण स्पॅमसुद्धा छापला जाईल, आणि स्क्रिप्ट अडखळली तर तिचा एरर पाठवणाऱ्याला परत जातो. नाही म्हणालो.

स्टाफची यादी मात्र अक्कांच्या हाती दिली. अलायसच्या उजवीकडे ‘इन्क्लूड’ लिहून एका साध्या फाइलीचा रस्ता देता येतो, त्या फाइलीत एका ओळीत एक पत्ता. ही फाइल डेटाबेसमध्ये जात नाही, प्रत्येक मेलला नव्याने वाचली जाते, म्हणून माणूस वाढला-गेला की अक्का नोटपॅडमध्ये ओळ बदलतात, न्यूअलायसेसची भानगड नाही. फक्त हा पत्ता बाहेरून कुणालाही वापरता येऊ नये. त्यासाठी आतल्या नेटवर्कला आणि लॉगिन केलेल्यांना परवानगी देणाऱ्या नियमांनंतर, या एका पत्त्याला नकार देणारी ओळ टाकली.

डिस्क बदलली ती रविवारी, माग बंद असताना. बॅकअप नव्या डिस्कवर पूर्ण झाला. तो झाल्यावर स्क्रिप्ट मुद्दाम एकदा पाडून बघितली, दोन मिनिटांत अक्कांचा फोन आला, “ते रूटचं काहीतरी आलंय बघा.”

एक गोष्ट सुटली नाही, किंवा आम्ही सोडवली नाही. एखादा व्यापारी एकाच मेलमध्ये इन्फो आणि अण्णा असे दोन्ही पत्ते टाकतो तेव्हा अण्णांना दोन प्रती येतात. लोकल प्रोसेस प्रत्येक पत्ता वेगळा घेते, दुसऱ्याला काय दिलं ते पहिल्याला माहीत नसतं. डव्हकॉटच्या सिव्हमध्ये, म्हणजे मेल गाळायच्या नियमांत, यावर उपाय आहे, मी तो सांगितला. अण्णा म्हणाले, “एक डिलीट करतो की. त्याला काय लागतंय?”